पैलवानाच्या म्हातारपणाची तजवीज

माघी पौर्णिमेला शिरपूरला खंडेराव महाराजांची यात्रा भरते आणि तिथून पुढे थेट आखाजीपर्यंत आपल्या तापीकाठच्या गावांतून यात्रा, तगतराव आणि कुस्त्यांच्या दंगली चालू राहतात. सभासद बंधू-भगिनींना हे आम्ही सांगायला नको. गहू-हरभरा घरात आलेला असतो, बहुतेकांचा ऊस तुटून गेलेला असतो, आणि दुपार कलली की पोरेसोरे, म्हातारेकोतारे सगळे आखाड्याच्या कडेला जाऊन बसतात.

अशाच एका दंगलीला आम्ही गेलो होतो. शेवटच्या कुस्तीआधी पंचांनी एका जुन्या पैलवानाला आखाड्यात बोलावले. वय सत्तरीच्या पुढे, कान मोडलेले, खांदे अजून रुंद, पण चाल लंगडी. नारळ, टोपी, उपरणे देऊन सत्कार झाला. ढोल वाजला, लोकांनी टाळ्या दिल्या. परत येताना अप्पांना आम्ही आमच्याच गाडीत घेतले. (नाव छापू नका असे त्यांनी बजावले आहे, म्हणून नुसते अप्पा.) रस्त्यात ते म्हणाले, "तवय गाव खांदावर लिसन नाचे. आते दवाखानामा जावाले संगे कोनी नही." मग थोडा वेळ गप्प बसून त्यांनी विचारले, "भाऊ, त्या किरकेटवाल्यासले पेन्शन भेटस म्हने. आम्हले काही बसस का?"

आम्ही सहकारातली माणसे. शेअर, ठेव, कपात, व्याज ह्यांचा हिशेब आम्हांला तोंडपाठ. पण अप्पांच्या ह्या साध्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला त्या वेळी देता आले नाही. चौकशी केली, जाणत्यांना विचारले, त्यातून जे हाती आले ते सभासदांपुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी कित्येकांच्या घरात पोरगा तालमीत जातो आहे, म्हणून हा विषय अप्पांपुरता नाही.

आधी पैलवानाचा जमाखर्च बघा. पोरगा दहा-बाराव्या वर्षी तालमीत पडतो. विशीत तो तयार होतो. अठ्ठाविसाव्या-तिसाव्या वर्षी गुडघा, खांदा, मान ह्यांपैकी काहीतरी कुरकुरायला लागते आणि नवा गडी समोर उभा राहतो. म्हणजे कमाईची वर्षे फार तर आठ-दहा. तेवढ्या काळात खुराकच मोठा. रोजचे तीन-चार लिटर दूध, तूप, बदाम, फळफळावळ धरली तर आजच्या भावाने महिन्याला पंधरा-वीस हजारांच्या खाली भागत नाही. घरची म्हैस असली तरी तिच्या दुधाचे पैसे बुडतातच की! यात्रांमध्ये जे इनाम मिळते त्यातून खुराक, प्रवास आणि वस्तादांचा मान भागला तरी पुष्कळ. आणि मग मैदान सुटल्यावर पुढची चाळीस वर्षे उरतात. लागणीचा ऊस तुटला तर खोडव्याला पुन्हा फुटवा येतो. माणसाच्या गुडघ्याला फुटवा येत नाही.

पूर्वी ह्या चाळीस वर्षांचा विचार संस्थानिक करीत असत, निदान काही करीत. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, खासबागेचे मैदान बांधले, ते १९१२ साली पुरे झाले. दरबारी पैलवानाला जे मिळे ते महाराजांच्या मर्जीवर होते, हक्काचे नव्हते, ही गोष्ट खरी. पण पोटाची काळजी कोणीतरी वाहत होते. १९४९ साली कोल्हापूर संस्थान विलीन झाले आणि मल्लांचा तो आसरा गेला. पुढे त्याची जागा काही अंशी घेतली ती आपल्याच भाऊबंदांनी, म्हणजे सहकारी साखर कारखान्यांनी. कागलच्या छत्रपती शाहू साखर कारखान्याच्या कुस्ती स्पर्धा आणि तिथले मानधनधारक मल्ल पश्चिम महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहेत. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनी भरणारे मैदानही तसेच नावाजलेले. ह्या संस्थांचे कौतुकच करायला हवे. तरी एक गोष्ट नोंदविल्याशिवाय राहवत नाही. मानधन मिळते ते लढणाऱ्या पोराला, त्याच्या खुराकासाठी. लढणे संपले की मानधनही संपते. बैल चालतो आहे तोवर पेंड, अशातलाच हा प्रकार झाला. नांगर सुटल्यावरही म्हाताऱ्या बैलाला दावणीला ठेवणारे शेतकरी आपल्यात आहेत, म्हणून हे लिहिण्याचे धाडस करतो.

आता खाशाबा जाधवांची गोष्ट. ती आपण शाळेत ऐकली आहे, पण अर्धीच.

सातारा जिल्ह्यात कराडजवळच्या गोळेश्वरचे हे शेतकऱ्याचे पोर. जन्म १५ जानेवारी १९२६. वडील दादासाहेब स्वतः मल्ल. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने, आणि तिथे सहावे आले. मातीवर वाढलेला गडी, गादीची सवय नाही, नियम वेगळे. तरी सहावे! १९५२ ला हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा पैशाची पंचाईत झाली. गावाने वर्गणी काढली, कराडच्या व्यापाऱ्यांनी हातभार लावला, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपल्यापैकी ज्यांनी पंपासाठी किंवा मुलीच्या लग्नासाठी सातबारा गहाण टाकला आहे त्यांना ह्या सात हजारांचे वजन कळेल. स्वतःच्या पोरासाठी नव्हे, विद्यार्थ्यासाठी त्यांनी ते केले.

हेलसिंकीला खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवले. जपानच्या इशी यांच्याशी त्यांची कुस्ती लांबली, आणि ती हरल्यावर विश्रांतीही न देता लगेच रशियाच्या मल्लापुढे उभे केले. तिथे हक्काने थांबा म्हणायला त्यांच्या बाजूचा जाणता माणूस हजर नव्हता असे सांगतात. तरीसुद्धा बँटमवेट गटात ब्राँझ पदक त्यांनी आणले. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या बळावर मिळालेले ते पहिले पदक. गावी परतले तेव्हा कराड स्टेशनपासून दीडशेवर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांचे मैदान भरवले, त्यात स्वतः लढले, आणि आलेल्या पैशातून खर्डेकरांचे घर सोडवले. पदकाचे पहिले उत्पन्न कर्ज फेडण्यात गेले.

इथवरची गोष्ट भाषणांतून नेहमी सांगितली जाते. पुढची सांगत नाहीत. १९५५ साली खाशाबा पोलिस खात्यात फौजदार म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढचे ऑलिंपिक हुकले. सत्तावीस वर्षे त्यांनी खाकीत काढली आणि सहायक पोलिस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. ऑलिंपिकचे पदक घरात, सत्तावीस वर्षांची नोकरी मागे, आणि तरी निवृत्तीनंतर पेन्शनसाठी त्यांना झगडावे लागले. शेवटचे दिवस ओढाताणीचे गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात ते गेले. त्यांच्या पश्चात घरच्यांनाही मदतीसाठी खेटे घालावे लागले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो २००० सालचा, मरणोत्तर. दिल्लीच्या कुस्ती स्टेडियमला त्यांचे नाव मिळाले ते २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी. अलीकडे १५ जानेवारी हा राज्याचा क्रीडादिन ठरला आहे. हे सगळे चांगलेच झाले. पण माणूस जिवंत असताना त्याला दरमहा मनिऑर्डर लागते. स्टेडियमची पाटी वाचून दुधवाल्याचे बिल भागत नाही.

आणि पेन्शनचे म्हणाल तर गुणवंत खेळाडूंसाठी केंद्र सरकारची दरमहा पेन्शनची योजना सुरू झाली १९९४ साली. खाशाबा जाऊन दहा वर्षे झाली होती.

त्या योजनेची माहिती सभासदांनी करून घ्यावी, कारण ती अजून आहे आणि पुष्कळांना ठाऊक नाही. ऑलिंपिक, जागतिक अजिंक्यपद, आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेत पदक मिळवलेला भारतीय खेळाडू, वयाची ३० वर्षे पूर्ण आणि खेळातून निवृत्त, अशा अटी आहेत. अपंगांच्या ऑलिंपिकचाही त्यात समावेश आहे. सरकार आयुर्विमा महामंडळाकडे रक्कम भरते आणि खेळाडूला जन्मभर दरमहा पैसे मिळतात. २०१८ च्या एप्रिलपासून दर दुप्पट झाले. ऑलिंपिक पदकाला महिना २० हजार, जागतिक स्पर्धेतल्या सुवर्णाला १६ हजार, तिथल्याच रौप्य-ब्राँझला आणि आशियाई किंवा राष्ट्रकुलच्या सुवर्णाला १४ हजार, आणि आशियाई-राष्ट्रकुलच्या रौप्य-ब्राँझला १२ हजार. शेजारच्या नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० साली राष्ट्रकुलला दहा हजार मीटरमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य आणले. अशा पदकाला हा १२ हजारांचा दर लागू आहे. १९६२ च्या जाकार्ता एशियाडमध्ये आपल्या गणपतराव आंदळकर आणि मारुती माने यांनी पदके आणली, तशा मल्लांनाही ही योजना धरून आहे.

पण आता आडचण बघा. पदक मिळते गादीवर. आपल्या यात्रेतल्या कुस्त्या मातीत. ज्या गड्याने वीस वर्षे मातीत घाम गाळला, शंभर मैदाने मारली, त्याचे नाव दिल्लीच्या कोणत्याही यादीत नाही. त्याला ऑलिंपिक सोडा, राष्ट्रीय स्पर्धेला जाण्याचे रेल्वेभाडेही कोणी दिले नव्हते. ही योजना पदकाची आहे, कष्टाची नाही. आम्ही ह्यावर टीका करतो असे कोणी समजू नये. सरकारला कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण अप्पांसारखे हजारो त्या रेघेच्या पलीकडे राहतात, हे कळून असावे.

त्यांच्यासाठी राज्याचे मानधन आहे. महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद १९५३ साली मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने उभी राहिली, १९६१ पासून महाराष्ट्र केसरीचा किताब सुरू झाला, आणि कालांतराने किताबी मल्लांना आणि वयोवृद्ध कुस्तीगिरांना सरकारकडून मानधन मिळू लागले. ते किती? वयोवृद्ध मल्लाला महिना अडीच हजार. हिंदकेसरीसारखा किताब मिळवलेल्याला चार हजार. अर्जुन पुरस्कारवाल्याला सहा हजार. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याला कोथरूडच्या महाराष्ट्र केसरी मैदानावर, ज्या वर्षी शिवराज राक्षे जिंकला, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी हे आकडे वाढवल्याचे जाहीर केले. अडीचचे साडेसात हजार, चारचे पंधरा हजार, सहाचे वीस हजार. घोषणा आणि खात्यात जमा होणे ह्यांत किती अंतर असते ते ऊसबिलाची वाट पाहणाऱ्या सभासदांना आम्ही काय सांगावे! पण हक्क म्हणून हे आकडे पाठ असावेत. धुळ्याला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांचे कार्यालय आहे, तिथे चौकशी करता येते.

आता अप्पांच्या "किरकेटवाल्यां"कडे वळू. जून २०२२ मध्ये क्रिकेट मंडळाने आपल्या जुन्या खेळाडूंची पेन्शन वाढवली. ठरावीक प्रथम श्रेणी सामने खेळलेल्यांना महिना १५ हजार मिळत होते त्यांचे ३० हजार झाले. कसोटी खेळलेल्यांपैकी ज्यांना साडेसदतीस हजार होते त्यांना ६० हजार. जुन्या पंचांनासुद्धा पेन्शन आहे. आपल्या आखाड्यातल्या पंचाला नारळाचे खोबरे मिळाले तरी तो खूश! म्हणजे हिशेब असा, की कधी भारताकडून न खेळलेला रणजी खेळाडू महिना ३० हजार घेतो आणि ऑलिंपिकचे पदक आणणारा २० हजार. ह्यात क्रिकेटवाल्यांचा दोष नाही. त्यांच्या मंडळाकडे दूरदर्शनच्या हक्कांचा पैसा येतो, आणि त्यातला वाटा जुन्या खेळाडूला द्यायचा असे मंडळाने ठरवले. ज्या खेळाच्या संस्थेला स्वतःचे उत्पन्न आहे तिथे पेन्शन आहे. जिथे संस्था सरकारच्या तोंडाकडे बघते तिथे मानधन आहे. शब्दच बघा ना, एकीकडे पेन्शन, दुसरीकडे मान-धन. मान भरपूर, धनाचे बघू.

परदेशात हे कसे झाले ते थोडे सांगतो, कारण त्यात सहकाराला शिकण्यासारखे आहे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे, क्रिकेटच्याच जातीचा, बॅट-चेंडूचा. तिथल्या धंदेवाईक खेळाडूंचा पेन्शन फंड १९४७ साली निघाला. खेळाडूंच्या पगारातून कपात आणि मोठ्या सामन्यांच्या प्रक्षेपणाचे उत्पन्न, ह्यांतून तो उभा राहिला. १९७२ साली ह्याच फंडात मालकांनी किती भरायचे ह्यावरून खेळाडूंनी संप केला. तेरा दिवस खेळ बंद, ८६ सामने बुडाले, आणि मालक नमले. पुढे १९८० साली ठरले की मोठ्या संघात फक्त ४३ दिवस काढले तरी पेन्शनला पात्र. त्याआधी चार वर्षांची अट होती. पण १९८० पूर्वी चार वर्षे पुरी न होता जे घरी गेले ते मधल्यामध्ये राहिले. त्यांना काहीतरी वार्षिक रक्कम मिळायला २०११ साल उजाडले. म्हणजे तिथेही अप्पा आहेत. हंगेरी देशात ऑलिंपिकच्या सुवर्णवीराला पस्तिशीनंतर जन्मभर, देशातल्या सरासरी पगाराइतके मानधन मिळते. छोटा देश आहे, पदके मोजकी, म्हणून परवडत असेल.

असो. आपल्याकडे पैलवानाची खरी पेन्शन कोणती म्हणाल तर नोकरी. खाशाबांचीही तीच होती, झगडून का होईना. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत ब्राँझ मिळवणारा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता. खाशाबांनंतर एकट्याच्या बळावर ऑलिंपिक पदक आणणारा तो दुसरा मराठी गडी, मध्ये बहात्तर वर्षे गेली. बंदूक, गोळ्या, सराव ह्यांचा खर्च निभावताना महिन्याचा पगार चालू होता ही गोष्ट लहान नाही. आणि आपल्या खान्देशाचे उदाहरण तर अगदी जवळचे. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ असा ओळीने तीनदा महाराष्ट्र केसरी झाला. सरकारने त्याला थेट पोलिस उपअधीक्षक म्हणून घेतले. जळगाव-धुळ्याच्या तालमींत त्या दिवसांत जो उत्साह होता तो आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. प्रत्येक बापाला वाटले, आपलाही पोरगा साहेब होणार.

इथेच आम्हांला सभासद बंधूंना थोडे अडवायचे आहे. महाराष्ट्र केसरी वर्षाला एक होतो. त्याच्या गदेसाठी शेकडो पोरे झुंजतात. सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे हे खरे, पण त्याला राज्य-राष्ट्रीय स्पर्धेचे खरे प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्या जोडीला त्या त्या पदाचे शिक्षण लागते. बोगस प्रमाणपत्रांचे प्रकार राज्यात एवढे उघडकीस आले की आता खऱ्याचीही दहादा तपासणी होते. तालमीत जातो म्हणून आठवीत शाळा सोडलेल्या पोराला ५ टक्क्यांचा काय उपयोग? मैदाने मारूनही कागद नसल्यामुळे वीटभट्टीवर किंवा कोणाच्या गोडाऊनवर रात्रपाळीला उभे राहिलेले गडी आपण सगळ्यांनीच पाहिले आहेत. आणखी एक. १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्य सरकारच्या नोकरीत लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, त्यांच्यासाठी अंशदानाची योजना आली. जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ मध्ये कर्मचाऱ्यांनी केलेला संप सभासदांना आठवत असेल. म्हणजे साहेब झालेल्या पैलवानालाही म्हातारपणाचा हिशेब स्वतः बघावा लागतो.

मग करायचे काय? आम्ही काही अर्थतज्ज्ञ नाही, पण पोस्टात आणि बँकेत विचारपूस करून एक हिशेब मांडला आहे. २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. अठरा ते चाळीस वयाच्या, प्राप्तिकर न भरणाऱ्या कोणालाही खाते उघडता येते. पोराने अठराव्या वर्षी सुरुवात केली आणि महिना २१० रुपये भरले तर साठीनंतर महिना ५ हजार मिळतात, त्याच्यामागे बायकोला मिळतात. तिसाव्या वर्षी, म्हणजे गुडघा बोलू लागल्यावर सुरुवात केली तर तेवढ्याच पेन्शनला महिना ५७७ भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी १,४५४. शेतकऱ्याच्या पोराला आणखी एक सोय आहे. दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर २०१९ ची किसान मानधन योजना. वयाप्रमाणे महिना ५५ ते २०० रुपये भरायचे, सरकार तेवढेच घालते, आणि साठीनंतर महिना ३ हजार. नवरा-बायको दोघांनाही वेगवेगळी भरता येते. आजच्या ५ हजारांना आणखी चाळीस वर्षांनी काय किंमत राहील हा प्रश्न कोणी विचारील, आणि तो बरोबर आहे. ह्यावर संसार चालणार नाही. पण औषधाला आणि दवाखान्याच्या गाडीभाड्याला पोरापुढे हात पसरावा लागणार नाही. अप्पांचे दुःख तेवढ्याचेच होते.

२१० रुपये म्हणजे किती? दोन-तीन दिवसांचे पैलवानाचे बदाम.

दुसरी सूचना यात्रा कमिट्यांसाठी. आपल्या उसाच्या बिलातून ठेवीची कपात होते तेव्हा आपण कुरकुर करतो. आम्हीही केली आहे. पण ती ठेव मुदतीने हाती येते तेव्हा चार लोकांत आपणच सांगतो, बरे झाले कापले. तसे इनामाचे का करू नये? कुस्ती अकरा हजारांची लागली तर दहा हजार गड्याच्या हातात आणि एक हजार त्याच्याच नावाने पोस्टात. पुकारणाऱ्याने लाउडस्पीकरवरून तसे सांगायचे. वस्ताद मंडळी कदाचित नाराज होतील, पैलवान तर होतीलच. रोख इनामाचा कैफ वेगळा असतो. पण इनाम एकदाच येते, आणि येताना सोबत पाहुणे घेऊन येते. एखाद्या गावाने हे करून बघावे, जमले नाही तर सोडून द्यावे.

कारखान्यांविषयीही एक शब्द. मल्लाला मानधन देणाऱ्या संस्थांनी त्या मानधनातला दहावा भाग त्याच्या नावे ठेव म्हणून ठेवला, आणि तिसाव्या वर्षी नव्हे तर पन्नासाव्या-पंचावन्नाव्या वर्षी व्याजासकट दिला, तर संस्थेच्या खिशाला फारसे काही लागत नाही. कारखान्यात काम करणाऱ्या फिटरचा, सेंट्रिफ्युगलवरच्या कामगाराचा भविष्य निर्वाह निधी कापला जातो, मग कारखान्याच्या नावाने लांग चढवणाऱ्याचा का नको? कायद्याने तो कामगार नाही हे आम्हांला कळते. सभासदांनी वार्षिक सभेत ह्यावर बोलावे, अनुकूल वा प्रतिकूल, पण बोलावे.

अप्पांचे पुढे काय झाले ते सांगतो. त्यांना वयोवृद्ध मल्लाच्या मानधनाचा अर्ज करायचा आहे. अर्ज म्हटला की पुरावा आला. कोणत्या साली, कोणत्या मैदानात, कोणाशी लढलात? अप्पांना सगळे तोंडपाठ आहे. शिरपूर, चोपडा, अमळनेर, सेंधवा, कुठे बरोबरी सुटली, कुठे चितपट केली, कोणी फेटा बांधला, सगळे. पण कागद एकही नाही. एक प्रमाणपत्र होते ते वाळवीने खाल्ले. दोन फोटो होते, ते घर पडले त्या पावसाळ्यात गेले. चांदीचे कडे होते ते पोरीच्या लग्नात मोडले. वस्ताद वारले, जोडीचे पैलवान बरेचसे वारले.

तेव्हा सभासदांना आमची विनंती आहे. त्या काळी यात्रेच्या दंगलींची छापील पत्रके निघत, त्यांवर जोड्यांची नावे असत. काही घरांत ती पत्रके ट्रंकेच्या तळाला, जुन्या पोथ्यांत किंवा आरशामागे अजून सापडतात. १९७० ते १९८५ ह्या काळातली पत्रके, आखाड्यातले फोटो, वर्तमानपत्रांची कात्रणे, यात्रा कमिटीच्या हिशेबाच्या वह्या, ज्यांत इनाम कोणाला दिले ते लिहिलेले असते, असे काहीही कोणाकडे असेल तर शेतकी खात्याच्या गट ऑफिसात आणून द्यावे. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत केला जाईल. अप्पांच्या जोडीने तालुक्यातले आणखी काही जुने पैलवान अर्ज करणार आहेत. त्यांची यादी गट ऑफिसात तयार होत आहे. आपल्या गावातला कोणी राहून गेला असेल तर त्याचेही नाव कळवावे.